दोघं नसले की तिसरा गप्प

माझा नवरा खोटं बोलत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. असा माणूस ज्यांच्या घरात असतो त्यांना विचारा. पाहुणे उठता उठता म्हणाले, निघतो आता, तुमचीही जेवायची वेळ झाली असेल, तर जगातले बाकीचे लोक म्हणतात, बसा हो, काय घाई आहे. हा म्हणतो, 'हो, झालीये.' लग्न ठरताना मी लाजत लाजत विचारलं होतं, मी आवडले का. याने विचार केला, खरोखर मान खाली घालून विचार केला, आणि म्हणाला, 'अजून माहीत नाही.' तरी मी होकार दिला. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय.

लिफ्ट दुरुस्त करणं हे त्याचं काम. कंपनीत लागला तेव्हा तेलाची बुधली घेऊन मोठ्या मिस्त्रीच्या मागे फिरायचा. आता हाताखाली माणसं आहेत, पण लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं झालं की अजून स्वतःच उतरतो. इमारतीत तो लिफ्टवाले आणि मी लिफ्टवाल्यांची बायको. त्या धंद्याचं एक तत्त्व त्याने घरी आणलं आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या. तो म्हणतो, लिफ्टला जरा जरी शंका आली, दार नीट लागलं नाही, दोर ढिला वाटला, की तिने जागच्या जागी थांबलं पाहिजे. आत अडकलेला माणूस शिव्या देईल, घाबरेल, पण जिवंत बाहेर येईल. बंद पडलेलं परवडतं, चुकलेलं परवडत नाही. लिफ्टपुरतं ठीक आहे, मीही रोज त्याच लिफ्टने वर जाते. पण घर म्हणजे लिफ्ट नव्हे, हे याला कोणी सांगायचं?

घरात आम्ही तिघं. मी, तो आणि त्याची आई. आम्हाला मूलबाळ नाही. त्याच्या पाठची एक बहीण आणि मग धाकटा भाऊ, दोघं याच शहरात, दोघांचे भरले संसार. सासरे गेल्यावर तिघा भावंडांनी बसून ठरवलं होतं की आईने पाळीपाळीने तिघांकडे राहायचं. मग नणंदेकडे जिना आडवा आला, धाकट्या दिरांकडे जागा आडवी आली, आणि आमच्याकडे आडवं यायला कोणीच नव्हतं. 'तुम्ही काय, मोकळे आहात,' असं जाऊबाई म्हणाल्या. मोकळे! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आई आमच्याकडे राहिल्या त्या राहिल्या.

सासरे छापखान्यात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक कॅमेरा घेतला आणि दिसेल ते टिपत सुटले. खिडकीत सुकणारे कपडे, जिन्यातलं मांजर, मटार सोलणारी बायको. पुढे आईंनाही कॅमेरा धरायला शिकवला, म्हणून काही ठिकाणी ते स्वतः दिसतात. एका ठिकाणी ते स्टुलाचा मोडका पाय ठोकतायत, खिळा वाकडा जातोय, आणि मागे वळून म्हणतात, 'अगं ए, बघत काय बसलीस, हात लाव की जरा.' त्यावर कॅमेरा धरलेल्या आई हसतात आणि सगळं चित्र हलतं. ते गेल्यावर हे सारं एका हार्डडिस्कमध्ये भरून कपाटात ठेवलं होतं. वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही.

मग आईंचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅसवरचं दूध, मग माणसं. दिवसभर बऱ्या असायच्या. ऊन उतरलं की कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. पायात चपला, हातात पिशवी, दाराशी उभ्या. 'हे अजून आले कसे नाहीत? मी जरा कोपऱ्यापर्यंत बघून येते.' मी म्हणायचे, येतायत, छापखान्यात काम निघालंय. त्या थोडा वेळ बसायच्या, परत उठायच्या. माझ्या नवऱ्याला माझं हे बोलणं सहन व्हायचं नाही. आईशी खोटं बोलू नकोस, म्हणायचा. मी विचारलं, मग काय सांगू?  तेव्हा त्याने ती डिस्क शोधून काढली आणि टीव्हीला लावली.

आई पिशवी घेऊन दाराशी निघाल्या होत्या. टीव्हीतून आवाज आला, 'अगं ए, बघत काय बसलीस.' त्या वळल्या. पिशवी खाली ठेवली. पलंगाच्या काठावर बसून त्यांनी सरळ उत्तर दिलं, 'आधी तो खिळा सरळ धरा, मग मला बोला.' मी आणि तो, दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून रडलो. त्या दिवसापासून ऊन उतरलं की टीव्ही लागायचा. त्या भांडायच्या, हसायच्या, टोमणे मारायच्या, आणि मग जेवून झोपायच्या. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे झालं नाही ते एका वाकड्या खिळ्याने केलं. कोणाला खोटं बोलावं लागत नव्हतं. आमचा संसार त्या वेळी त्या एका टीव्हीवर उभा होता म्हणा ना.

आणि एके दिवशी ती डिस्क टकटक करायला लागली. याच्या तोंडचं पाणी पळालं. रजा टाकून घरी बसला, दुसऱ्या डिस्कवर सगळं उतरवून घेतलं, आणि मग त्याच्या डोक्यात भुंगा शिरला की बाबा एका जागी ठेवायचेच नाहीत. मी म्हटलं, लोक ठेवतात तसं कंपनीकडे ठेव, इंटरनेटवर. तर म्हणाला, परक्याच्या गोदामात बाप ठेवायचा? उद्या त्यांनी कुलूप बदललं तर? तिघं भावंडं आहोत, तिघांच्या घरी ठेवू.

कुठलंसं ऑफिस बंद होत होतं, तिथून त्याने तीन जुने छोटे कॉम्प्युटर आणले, जेवणाच्या डब्याएवढे. आम्ही त्यांना डबेच म्हणायला लागलो. तीन डबे, तीन घरं, आणि तिन्ही मिळून एकच कपाट. एका घरात काही ठेवलं की तिन्हीकडे असणार. इथवर मला पटलं होतं. पण कपाट कुठल्या जातीचं घ्यायचं, म्हणजे डब्यांत कुठला प्रोग्राम घालायचा, यावर या माणसाने जे केलं ते मी लग्नाचा मुलगा निवडतानाही पाहिलेलं नाही. जेवणाच्या टेबलावर तिन्ही डबे मांडलेले, वायरींचा गुंता, आणि आम्ही पलंगावर ताटं घेऊन जेवतोय. संध्याकाळी आई टीव्ही बघत असल्या की हा हळूच एक वायर उपटायचा आणि टीव्हीकडे धावायचा, बाबा बोलतायत की थांबले. आई वैतागायच्या. 'हा मुलगा सारखा काय पळतोय?'

एक साधा प्रकार होता. प्रत्येक घरी आपापली पूर्ण प्रत, आणि रोज एकमेकांशी जुळवून घ्यायची. तो त्याने आधी लावून पाहिला, तिघांच्या घरी डबेही पोचवले. झालं काय, धाकट्या दिरांनी एका चित्रफितीतला तुकडा कापला. त्यात सासरे त्यांना कामचुकार म्हणतात. जुळवाजुळवीत ती कापलेली प्रत नवी ठरली आणि तिन्ही घरांत तीच जाऊन बसली. मूळ वेगळं ठेवलेलं होतं म्हणून निभावलं. मला हसू आलं होतं, कामचुकार माणसाने एवढी मेहनत घेतली म्हणून. हा मात्र पेटला. दोन घरांत दोन बाबा नकोत, म्हणाला. खरं एकच पाहिजे.

म्हणून त्याने सगळ्यात कडक जात निवडली. तिचा नियम असा, की काहीही करायचं तर तिघांपैकी निदान दोघांचं एकमत पाहिजे. एक डबा बंद पडला तर बाकीचे दोघं काम चालवतात. पण दोघं नसले, तर तिसरा गप्प. त्याच्या पोटात सगळं असलं तरी तो दाखवणार नाही. त्याने ते मला मोठ्या अभिमानाने करून दाखवलं, दोन वायरी उपटल्या आणि टीव्हीवर बाबा तोंड उघडं टाकून थिजले. मी विचारलं, याचा उपयोग काय? तो म्हणाला, 'एकट्याला कळत नाही ना, की बाकीचे दोघं बंद पडलेत की आपणच तुटलोय. चुकीचं दाखवण्यापेक्षा गप्प बसतो.'

त्याच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणारा एक जण आहे, याचा मित्र. तो चहाला आला होता, त्याने डोक्याला हात लावला. म्हणाला, अरे बाबा, ही चीज एका खोलीत शेजारी शेजारी ठेवायच्या यंत्रांसाठी असते. तीन घरांत, तीन माणसांच्या भरवशावर ती लावणारा मी तरी पहिलाच पाहिला. माझा नवरा म्हणाला, माणसं नाहीत ती, भावंडं आहेत. मी म्हटलं, निदान एक पेनड्राइव्ह भरून माझ्याकडे दे. नाही. बाहेर प्रती फिरल्या की पुन्हा दोन बाबा. टकटक करणारी डिस्क केव्हाच मेली होती, आणि उतरवून घेतलेली ती दुसरीसुद्धा त्याने पुसून आमच्याच डब्यात घातली. पालथ्या घड्यावर पाणी. मी बोलायचं सोडून दिलं.

दीड-दोन वर्षं सुरळीत गेली, हे खरं सांगितलं पाहिजे. डब्यांना तिन्ही घरांत जागा मिळाली. कोणी जिना सांगितला नाही, कोणी खोल्या मोजल्या नाहीत. आमचा चपलांच्या कपाटावर, नणंदेचा दिवाणखान्यात, दिरांचा टीव्हीखाली. माझ्या मनात यायचं, ही माया आईला का नाही? पण बोलून दाखवलं नाही, कारण याच्या चेहऱ्यावर तिन्ही डब्यांचे हिरवे दिवे बघून जे समाधान यायचं ते मोडायचा धीर मला झाला नाही. रोज कामावरून आला की आधी मोबाइलवर ते दिवे बघायचा. 'दोघं ठीक आहेत,' म्हणायचा. भावाला फोन करून तब्येत विचारायची त्याला गरजच उरली नव्हती.

मग नणंदेच्या घरी रंगकाम निघालं. रंगाऱ्याने डब्याची वायर काढली, कोणीतरी तो गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला. याने फोन केला, ती म्हणाली, लावते रे, घर जरा जागेवर येऊ दे. परत केला, परत तेच. तिच्या मनात काही नव्हतं, तेवढं मी म्हणेन. तिला फक्त आठवायचं नाही. तरी कपाट चालू होतं, दोघं होते ना.

त्याच सुमारास माझी कंबर धरली. वाकता येईना. आईंना अंघोळ घालणं, उठवणं बसवणं, सगळं अडलं. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नवऱ्याने भावाला फोन करून सांगितलं की आईला थोडे दिवस तुझ्याकडे ने. धाकटे दीर म्हणाले, सध्या जरा अडचण आहे. हा म्हणाला, कुठली? ते म्हणाले, तशी ती सांगता येण्यासारखी नाही. यावर दुसरा कोणीही भाऊ गप्प बसला असता. हा म्हणाला, 'अडचण नाहीये. तू आईला टाळतोयस.'

खरं होतं. शंभर टक्के खरं होतं. म्हणूनच झोंबलं. पलीकडे फोन आपटला, आणि त्याच संध्याकाळी, बाबा मागे वळून 'अगं ए' म्हणणार तेवढ्यात चित्र थिजलं. याने मोबाइल बघितला. दिरांचा दिवा गेला होता.

आई वाट बघत बसल्या. मग म्हणाल्या, 'हे बोलत का नाहीत?' मग उठल्या, चपला घातल्या, पिशवी घेतली.

मी जाऊबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, डब्याचा पंखा घरघरतो, मुलांना झोप येत नाही, म्हणून काढून ठेवलाय. इतके दिवस झोप येत होती वाटतं. शेवटी दीर फोनवर आले आणि मनातलं बोलले: दादाने बोललेलं मागे घ्यावं, चुकलो म्हणावं, मी आत्ता वायर लावतो. मी धावत याच्याकडे गेले. म्हटलं, एक शब्द आहे, टाक बोलून. हा म्हणाला, पण मी चुकलो नाहीये. मी म्हटलं, नसशील, तरी म्हण. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याला चोरी करायला सांगतेय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही धड होता.

त्यानंतरच्या संध्याकाळी मला कोणी परत दिल्या तरी नकोत. मी माझं जुनं सुरू केलं, येतायत, काम निघालंय. पण मी पाठीवर पडून. आईंना दारातून परत आणायचं काम याच्याकडे आलं होतं, आणि हा खोटं बोलत नाही. तो त्यांना खुर्चीवर बसवायचा, समोर जमिनीवर मांडी घालून बसायचा, त्यांचे हात हातात घ्यायचा आणि सांगायचा, 'आई, बाबा गेले. खूप वर्षं झाली.'

त्या त्याच्याकडे बघत राहायच्या. मग हुंदका फुटायचा. 'मला कोणी सांगितलं कसं नाही?' रोज पहिल्यांदाच. रोज नवं मरण. बाजूच्या खोलीत मी उशी कानावर दाबून पडलेली. सकाळी त्या सगळं विसरलेल्या, मटार सोलायला बसलेल्या, आणि ऊन उतरलं की परत दारात. मी त्याला म्हटलं, तू कसाई आहेस. तो म्हणाला, 'खोटी आशा लावून दारात उभं करणं बरं का?' मी माझ्या मोबाइलमध्ये शोधलं, एखादा तुकडा कुठे असेल तर. एक सापडला. त्यात आई टीव्हीकडे बघून हसतायत, आणि टीव्हीच्या जागी नुसता पांढरा उजेड. आवाज पंख्याचा. तरी लावून दाखवला. आई म्हणाल्या, ही म्हातारी कोण?

महिना उलटला असेल. कंबर जरा सुटल्यावर मी त्याच्या त्या मित्राला फोन केला, कंपनीतल्या. म्हटलं, भावोजी, तुमच्या ओळखीत कोणी आहे का, डब्यातलं काढून देणारा. काय लागेल ते करू. पलीकडून तो म्हणाला, 'वहिनी, त्याला कोणी कशाला पाहिजे? तुमच्या डब्यात सगळं आहे. बाकीच्या दोघांना यादीतून काढून टाकायचं, यंत्राला सांगायचं की ते दोघं कायमचे गेले, आता तू एकटाच. चहा व्हायच्या आत उघडेल. त्याला माहितीये, मीच दाखवलंय त्याला.'

हा कामावरून आला. मी त्याला चपलाही काढू दिल्या नाहीत.

'तुला हे माहीत होतं?'

'हो,' तो म्हणाला.

खोटं बोलत नाही ना. विचारलं की सांगतो. मी विचारलं नव्हतं, एवढंच. मी तिथेच चपलांच्या कपाटाला टेकले. तो सांगत राहिला. एकदा काढलं की काढलं. परत जोडायचं तर त्यांचे डबे कोरे करून, अनोळखी म्हणून घ्यावे लागतात. बहीण आज ना उद्या माळ्यावरून काढेल. धाकटा चिडलाय, पण तो आज ना उद्या येईल. ते दोघं आहेत गं, म्हणाला. मी माझ्या हाताने कसं लिहू, की ते गेले?

मी आयुष्यात त्याच्यावर पुष्कळ ओरडले आहे. त्या दिवशी मी अगदी हळू म्हटलं, 'आईला रोज सांगतोस, बाबा गेले. तेव्हा जीभ अडत नाही. आणि एका डब्याला तुझा भाऊ गेला असं सांगवत नाही?'

तो जाऊन टेबलाशी बसला. आई आतून आल्या, चपला घातलेल्या, पिशवी नव्हती. तो टाइप करत होता आणि मी मागे उभी होते. यंत्राने विचारलं, नक्की का. याने हो लिहिलं. त्याने नणंदेला काढलं. मग परत विचारलं, नक्की का. इथे त्याचा हात बराच वेळ थांबला. मग त्याने धाकट्यालाही काढलं, आणि उठून तोंड धुवायला गेला. टीव्ही मी लावला.

सासरे स्टुलाशी ओणवे झाले. खिळा वाकडा गेला. मागे वळून म्हणाले, 'अगं ए, बघत काय बसलीस, हात लाव की जरा.'

आई पलंगाच्या काठावर बसून बघत होत्या. उत्तर आलं नाही. मला वाटलं, ओळखलं नाही. मी म्हटलं, आई, बाबा बोलतायत तुमच्याशी. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू ही सून काय पोरकटपणा करतेय. पदर तोंडाला लावला. तो तोंड पुसत बाहेर आला, तर त्यालाच म्हणाल्या, 'बंद कर रे ते. गेलेल्या माणसाला कशाला बोलायला लावता?'

ज्या बाईला सकाळचं जेवण दुपारी आठवत नव्हतं, तिला हे आठवलं होतं. रोज रोज सांगून, हात हातात घेऊन, समजावून सांगून, एवढी एकच गोष्ट आम्ही तिच्या डोक्यात पक्की बसवली होती.

तो त्यांच्या समोर जमिनीवर बसला, नेहमीसारखा. हात हातात घेतले. मी बघत होते. त्याचे ओठ हलले, थांबले, परत हलले. 'नाही गं आई,' तो म्हणाला. 'गेले नाहीत. कामाला गेलेत. येतील.'

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं.

आईंनी एक हात सोडवून घेतला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. 'उगाच काहीतरी बोलू नकोस,' त्या म्हणाल्या. 'तुला जमत नाही.'

आता त्या संध्याकाळी दाराशी जात नाहीत. खिडकीपाशी बसतात, काही मागत नाहीत, टीव्ही लावला तर मान फिरवतात. धाकट्या दिरांनी पुढच्या आठवड्यात आपण होऊन डबा लावला, तर यंत्र त्याला आत घेईना. त्यांनी मला फोन केला, दादाने आम्हाला काढलं काय, म्हणून. नणंदेला मी सांगितलं की आई आता दारात उभ्या राहत नाहीत, रडत नाहीत, कोणाची वाट बघत नाहीत. ती म्हणाली, 'चला, बरं झालं बाई, सुधारतेय म्हणजे.' मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.